आधी माणसं, मग गाडी

गोजाबाईंना कुठलीही नवी वस्तू दाखवली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती माणसांचं?"

कुकर असो, सतरंजी असो, देवळापुढचा मांडव असो. शेजारच्यांनी फ्रीज आणला तेव्हाही त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि हेच विचारलं. जगातल्या सगळ्या मापांपैकी हे एकच माप त्या मानतात. लांबी-रुंदी म्हणजे रिकामेपण मोजायची रीत, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. त्या तसं बोलत नाहीत, मी बोलतो.

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट बसली, त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं. लिफ्टमध्ये पाटी होती, 'सहा व्यक्ती'. गोजाबाई दारात उभ्या राहून बायकांना आत घेत होत्या. "सरका की वो, कडंला काय सोनं ठिवलंय?" नऊ-दहा बायका, एक पाळणा आणि घुगऱ्यांचं पातेलं आत गेल्यावर लिफ्ट हलेना. नुसती कुईकुई करत राहिली. शेवटी चौघी जिन्याने गेल्या. गोजाबाई सगळ्यांत शेवटी बाहेर पडल्या आणि लिफ्टकडे बघून म्हणाल्या, "म्हबूबभाईची जीप अशी कदी रडली न्हाय."

महबूबभाईच्या जीपबद्दल आम्ही सगळ्यांनी तेव्हापर्यंत इतकं ऐकलं होतं की ती आमच्याच पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी वाटायची.

गोजाबाई म्हणजे बिरप्पांची थोरली बहीण. बिरप्पा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यात क्लार्क आहेत. बायको रुपाली, एकुलती एक मुलगी ऋतुजा. ऋतुजा झाली तेव्हा रुपाली बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. दोन महिन्यांसाठी म्हणून आलेल्या गोजाबाई मग परत गेल्याच नाहीत. नवरा आधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. पोरीची पहिली अंघोळ त्यांनी घातली, पहिला घास त्यांनी भरवला, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर शाळा सुटेपर्यंत त्याच बसून राहिल्या.

त्याआधीचं त्यांचं आयुष्य केमचं. घरची मेंढरं, शेरडं, थोडी कोरडवाहू जमीन आणि दर आठवड्याला करमाळ्याचा बाजार. केमच्या स्टेशनात गाडी थांबली की बाहेर महबूबभाईची जीप उभी असे. वडापची जीप. वडाप म्हणजे भरल्याशिवाय न हलणारी गाडी, आणि ती भरली की नाही हे ठरवणार एकटा ड्रायव्हर. महबूबभाई माणसं मोजत नसत. मोजलं की नजर लागते, म्हणत. ते स्टिअरिंगवरून मागे वळून बघत आणि म्हणत, "अजून दोन."

त्या जीपमध्ये बसायचीही एक पद्धत होती. एकाने पुढे सरून बसायचं, शेजारच्याने मागे टेकून, त्याच्या शेजारच्याने पुन्हा पुढे. म्हणजे खांद्याला खांदा लागत नाही, एका खांद्याच्या मागे दुसरा खांदा जातो. ज्याला हे जमत नाही तो उभ्याने जातो. गोजाबाईंना जमत होतं. त्या सांगतात तेव्हा वाटतं, त्यांच्या तरुणपणातली सगळी माणसं अशीच एकमेकांमागे खांदा घालून बसली होती आणि कुणालाही उतरायची घाई नव्हती.

ऋतुजाचं लग्न करमाळ्याला ठरलं. घर बघायला ऋतुजासकट सगळे गेलो तेव्हा मीही बरोबर होतो. पाहुण्यांत बोलायची वेळ आली की बिरप्पांना शेजारी कोणीतरी लागतं. मुलगा अजिनाथ, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, हसरा. वडील बापूसाहेब, आई केराबाई. पोहे झाले, चहा झाला, आणि मग दोन्हीकडची माणसं बोलणं संपून एकमेकांच्या चपलांकडे बघत बसली. ते अवघडलेपण मोडायला अजिनाथने काचेचं कपाट उघडलं.

"हे माझं वेड," तो म्हणाला.

कपाटात बोटाएवढ्या गाड्या होत्या. धातूच्या, जड, खऱ्यासारखी दारं उघडणाऱ्या. वरच्या फळीवर मात्र दोनच. एक जुनी जीप, हिरवी, सपाट नाकाची, बारीक चाकांची. आणि तिच्या शेजारी तिचाच आजचा अवतार, लाल थार, गुबगुबीत, छाती काढून उभी.

"दोन्ही एकाच मापात आहेत," अजिनाथ सांगू लागला. "अशा त्रेचाळीस गाड्या एकापुढे एक लावल्या की खऱ्या गाडीची लांबी होते. म्हणून तर शेजारी ठेवून बघण्यात मजा आहे. नाक बघा, तेच ठेवलंय. दिवे तसेच गोल. पण अंग बघा की. आजोबांचा सदरा नातवाला होणार नाही."

तो खरंच प्रेमाने बोलत होता. जुन्या जीपचं बॉनेट त्याने नखाने उघडून दाखवलं, आतलं मण्याएवढं इंजिन दाखवलं.

गोजाबाई चष्मा सारखा करून जवळ गेल्या. "ही म्हबूबभाईची जीप?"

"तशीच."

"आन् ही तिच्यापरीस थोरली?"

"हो की. लांबीलाही, रुंदीलाही."

"खोटं हाय."

रुपालीने पदर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, पाहुण्यांत आहोत आपण."

"आसू दे की. बाळा, हिच्या आत कोन बसलंय?"

अजिनाथने गाडीत डोकावून बघितलं, जणू खरंच कोणी असेल. "कुणी नाही. मॉडेल आहे ते, आत्या."

"मग माप कशावरनं काढलं म्हनायचं?"

त्यावर सगळे हसले, अजिनाथ सगळ्यांत जास्त. बापूसाहेब म्हणाले, "चला, खरी गाडीच दाखवतो आत्याबाईंना." दारात त्यांची नवी लाल थार उभी होती, काचेवर अजून शोरूमचा कागद. गोजाबाईंनी तिला एक प्रदक्षिणा घातली.

"किती माणसांची?"

"चार," बापूसाहेब अभिमानाने म्हणाले.

"येवढी थोरली गाडी आन् चार?"

"आरामात बसतात."

"आराम करायला बाज हाय की घरात."

बापूसाहेबांनी ते मनावर घेतलं नाही. ते बिरप्पांना बेत सांगत होते. लग्न सोलापुरात, दुपारचं. संध्याकाळी नवरा-नवरी याच गाडीतून करमाळ्याला. गाडी अजिनाथ चालवणार, शेजारी नवरी, मागे त्यांची विवाहित मुलगी आणि जावई.

"आन् पाठराखीण?" गोजाबाईंनी विचारलं.

नवरीबरोबर सासरी जाऊन पहिले चार दिवस तिच्यापाशी राहते ती पाठराखीण. ती कोण असणार, हे आमच्या इमारतीत ऋतुजा शाळेत जायला लागल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

बापूसाहेब जरा गडबडले. "तुम्ही या की मागनं. दुसऱ्या दिवशी, यष्टीनं. आता जागाच चार, त्याला काय करणार?"

ते मनाने चांगले होते, आणि खरोखर जागा चारच होत्या. म्हणून तर वाईट वाटलं. ऋतुजा दारात उभी होती, तिने आत्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. एवढी मोठी लाल गाडी उन्हात चमकत होती आणि तिच्यात एका बाईपुरती जागा नव्हती.

मग गोजाबाई वळल्या. "जावईबापू, पैज लावता का?"

"लावू की. कसली?"

"रुखवतात मी दोनी गाड्या मांडते. जुनी आन् नवी, येका मापाच्या. तुमचं गणगोत बघंल, आमचं बघंल. जुनी थोरली निगाली तर पोरगी म्हबूबभाईच्या जीपमधनं येनार, आन् मी तिच्या बगलंला."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी घरीच बसंन. यष्टीनं बी येनार न्हाय."

"आत्या!" ऋतुजा म्हणाली.

अजिनाथ हसत होता. त्याने ऋतुजाकडे बघितलं, ती हसत नाही हे त्याला दिसलं, आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. पण गोजाबाईंचा हात पुढे आलेला होता. त्याने टाळी दिली.

सोलापूरला परतल्यावर त्यांचं काम सुरू झालं. रुपालीने दुकानातून तयार रुखवत आणायचं ठरवलं होतं: मोत्यांची पालखी, डाळींची रांगोळी, साखरेचा बंगला. त्या टेबलावर एक कोपरा गोजाबाईंनी मागून घेतला.

त्यांनी गाडीपासून सुरुवात केलीच नाही. आधी माणसं केली. गावाकडची लोकर होती, काळी आणि पांढरी. ती काडीवर गुंडाळून चार चार बोटं उंचीची माणसं. मी संध्याकाळी जाऊन बसायचो तेव्हा त्या एकेकाची ओळख करून द्यायच्या.

"ह्यो हायस्कुलाचा मास्तर. सारका घड्याळ बगायचा. ही कोंबड्यावाली, हिची पाटी मांडीवर. ह्यो केमचा कुंकूवाला, ह्याच्या शेजारी बसलं की आपलं लुगडं बी लाल. ह्यो परीट. ही मी."

त्यांची स्वतःची बाहुली सगळ्यांपेक्षा बारीक होती.

माणसं पुरेशी झाल्यावर त्यांनी ती पुठ्ठ्यावर बसवली, पद्धतशीर, एक पुढे एक मागे. कोंबड्यांची पाटी, मास्तरांची छत्री, शेळीचं करडू, सगळ्याला जागा दिली. दोघे मागच्या फळीवर लटकते ठेवले. आणि मग त्या सगळ्या गर्दीभोवती कोळशाने रेघ ओढली. रेघेवर पुठ्ठा उभा केला, त्यावर बिरप्पांच्या जुन्या स्कूटरच्या सीटचं रेक्झिन कापून हूड चढवलं. जीप तयार झाली. चांगली पाटाएवढी.

नवी गाडीही त्याच रीतीने. त्याच मापाची चार माणसं, दोन पुढे, दोन मागे, भोवती रेघ. लाल कागद लावला. ती झाली पाणी प्यायच्या तांब्याएवढी.

बिरप्पा ऑफिसातून आले आणि दोन्ही गाड्यांपुढे उभे राहिले. "आक्का, हे उलटं झालंय."

"काय उलटं? माणसं येका उंचीची हायत का न्हायत?"

"हायत."

"मग? येक माप म्हंजे आनि काय ऱ्हातं?"

बिरप्पांनी खूप विचार केला. खात्यात त्यांनी धरणांची मापं लिहिली होती, पण या प्रश्नाला कुठला रकाना द्यावा हे त्यांना सुचलं नाही. ते कपडे बदलायला आत गेले.

ऋतुजा मात्र बाहुल्या हातात घेऊन बघत बसली होती. "आत्या, पैज कशाला लावलीस? मी त्यांना नुसतं म्हटलं असतं तरी त्यांनी तुला नेलं असतं."

"मागून घेतल्याली जागा टोचती बाळा," गोजाबाई म्हणाल्या आणि रेक्झिनला टाका घालू लागल्या.

मला आत कुठेतरी भीती वाटत होती. त्यांनी लबाडी केली नव्हती, यातच सगळी अडचण होती. ती जीप त्यांना जशी आठवत होती तशीच त्यांनी केली होती. आठवणीत माणसं आहेत तेवढीच राहतात, आणि भोवतालचा पत्रा त्यांना सामावून घ्यायला फुगत जातो. खरी जीप कुठेतरी तिच्या खऱ्या मापात उभी असणार होती.

लग्नाच्या दिवशी ती कार्यालयाच्या आवारातच उभी होती. महबूबभाई केमकडची माणसं घेऊन आले होते. जीप त्यांनी विकली नव्हती, दर वेळी पासिंग करून घेत शेतावर वापरत होते. गोजाबाई मात्र सकाळपासून नवरीच्या खोलीत होत्या, त्यांनी ती पाहिली नव्हती.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि वरपक्ष रुखवत बघायला आला. पालखीपाशी कोणी थांबलं नाही. साखरेच्या बंगल्याचं कौतुक एका वाक्यात झालं. सगळे त्या कोपऱ्यात जमले.

"अगं बाई, ही कोंबड्यावाली बघ!"

"हा लटकलेला आपला सदामामाच की!"

बापूसाहेब फेटा सावरत पुढे आले. त्यांनी मोठी काळी जीप बघितली, मग तिच्या शेजारची तांब्याएवढी लाल गाडी बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही आमची गाडी?"

"व्हय," गोजाबाई म्हणाल्या.

"ही थट्टा झाली, आत्याबाई. नवीकोरी गाडी घेतली आम्ही, आणि चार लोकांत ती अशी काड्यापेटी करून मांडायची?"

रुपाली माझ्याकडे बघू लागली, जसं काही मी मिटवणार होतो. अजिनाथने मुंडावळ्या मागे सारल्या, कोटाच्या खिशातून आपल्या दोन्ही धातूच्या गाड्या काढल्या आणि त्या रुखवतावर ठेवल्या. पैजेचं सामान त्यानेही आणलं होतं.

"थट्टा नाही, बाबा. त्यांना खरंच असं वाटतं," तो म्हणाला. "आत्या, माझ्या बघा. जुनी लहान. तुमच्या बघा. जुनी मोठी. आता खरं कोण, ते बाहेर उभं आहे. चला."

सगळं लग्न बाहेर निघालं. नवरी शालू सावरत, गोजाबाई सगळ्यांच्या पुढे.

आवारात दोन्ही गाड्या शेजारीशेजारी होत्या. थार झेंडूच्या माळांनी सजवलेली. आणि तिच्या कडेला महबूबभाईची जीप, धुऊन पुसून उभी, पण इतकी चिमुकली की तिला कोणी हात धरून लग्नाला आणलं असावं. तिची चाकं सायकलची वाटत होती. मागच्या दोन फळ्यांच्या मधे एका माणसाचे पाय जेमतेम मावले असते.

गोजाबाई थबकल्या. मग जवळ गेल्या, बॉनेटवर हात ठेवला, मागे जाऊन फळीवर हात फिरवला. महबूबभाई, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, बाजूला उभे होते.

"म्हबूबभाई, ही तीच का?"

"तीच की गोजाबाई. दुसरी कुठून आणू?"

"धुतल्यावर आटली का काय?"

आवारात मोठा हशा झाला. पण त्या विनोद करत नव्हत्या. त्यांनी जीपच्या आत बघितलं, बराच वेळ, आणि मला वाटलं, आता त्या आत कोणालातरी शोधताहेत. मग पदराने हात पुसून त्या अजिनाथकडे वळल्या.

"हारले, जावईबापू. तुमचं माप खरं." आणि रुपालीला म्हणाल्या, "माजी पिशवी भरल्याली हाय कोपऱ्यात. ती घरी घिऊन चल."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठवणीचं नव्हतं, त्याला अजून वेळ होता.

अजिनाथ जिंकला होता आणि त्याला ते मुळीच आवडलेलं दिसत नव्हतं. तो जीपभोवती फिरला, मागची फळी आपल्या वितेने मोजली, पुन्हा मोजली. मापांवर प्रेम करणाऱ्या माणसाला चुकलेलं माप तसंच सोडून देता येत नाही.

"थांबा," तो म्हणाला. "तुमच्या त्या जीपमध्ये जेवढी माणसं बसवलीत तेवढी यात बसायची?"

"रोज बसायची," महबूबभाई म्हणाले.

"शक्यच नाही. मी सांगतो, शक्य नाही. पत्रा लहान आहे, ते झालं. पण माणसं जर खरी असली तर आत्यांचं माप चुकलं नाही, आमचं आतलं माप घ्यायचं राहिलं. आत्या, बसवून दाखवा. तेवढी बसली तर मी हरलो."

गोजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. पदर कमरेला खोचला.

"विहीणबाई, या पयल्या."

केराबाई चढल्या, रुपाली चढली, बापूसाहेबांची मुलगी, जावई, बिरप्पा, केमचे दोघे. महबूबभाई धरून आठ माणसांत जीप गच्च झाली. "झालं," आतून कोणीतरी ओरडलं, "आता मुंगी शिरायची नाही."

"उतरा समदी," गोजाबाई म्हणाल्या. "पाटावर जेवायला बसल्यावानी बसलाय. ह्याला बसनं म्हन्त्यात व्हय?"

सगळी उतरली. आणि मग त्यांनी एकेकाला बसवायला सुरुवात केली.

"बिरप्पा, मागं टेक. विहीणबाई, तुमी फुडं सरा, गुडगा हिकडं. रुपाली, तू टेक. आगं टेक की, विहीण हाय, वाघीन न्हाय. जावई, तुमी फुडं."

"माझा हात कुठे ठेवू?"

"ज्याचा खांदा घावंल त्याच्यावर."

केराबाई आणि रुपाली सकाळपासून एकमेकींशी 'घ्या', 'नको', 'राहू दे' एवढंच बोलल्या होत्या. आता एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत होतं आणि दोघी डोळे पुसत हसत होत्या. "विहीणबाई, तुमची नथ माझ्या केसांत अडकली." "राहू दे, हलू नका, नायतर दोघी जाऊ."

समोर महबूबभाईंच्या डाव्या बाजूला तिघे गेले, उजव्या बाजूला एक अर्धा. बापूसाहेब अजून तोऱ्यात उभे होते. गोजाबाई त्यांच्यापुढे गेल्या. "पाव्हनं, तुमच्याबिगर गाडी हालायची न्हाय."

"मी कुठं मावणार?"

"मावता. फेटा तेवढा भाईर धरा."

बापूसाहेब मावले. एक हात हूडबाहेर, हातात केशरी फेटा. मागच्या फळीवर केमची दोघं लटकली, त्यांना धरून आणखी एक. अजिनाथ बोट पुढे करून मोजू लागला, "एक, दोन, तीन..."

"ए मोजू नको!" महबूबभाई ओरडले. "मेरी गाडी में गिनती नहीं करते!" आणि त्यांनी मागे वळून बघितलं. "अजून दोन."

आमच्यापैकी बाहेर फक्त नवरा-नवरी, गोजाबाई आणि मी उरलो होतो. मी मागे सरलो. ऋतुजाने शालू गुडघ्यापर्यंत उचलला आणि आईच्या आणि सासूच्या मधल्या नसलेल्या जागेत शिरली. अजिनाथ तिच्यामागे, मुंडावळ्या तोंडात धरून. गोजाबाईंनी फळीवर थाप मारली आणि दांड्याला धरून पायरीवर उभ्या राहिल्या.

जीप हलली. कार्यालयाच्या आवारात तिने एक गोल चक्कर घातली, दुसरी घातली. आतून हसण्याचा एकच मोठा आवाज येत होता, त्यात दोन्ही घरं वेगळी काढता येत नव्हती. फेटा झेंड्यासारखा फडकत होता. वाजंत्रीवाल्यांनी कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. रुखवतातल्या बाहुल्या होत्या तितकीच माणसं होती, कमी होती की जास्त, ते कोणालाच कळलं नाही. मोजणारा आत अडकला होता.

उतरल्यावर अजिनाथचा कोट उसवला होता. तो गोजाबाईंच्या पाया पडला. "हरलो, आत्या. जीप मोठी."

"जीप बारकीच हाय," गोजाबाई म्हणाल्या. "मला बी आज कळलं." पण पिशवी त्यांनी रुपालीच्या हातातून काढून घेतली.

पाठवणीला थार पुढे गेली, बापूसाहेबांना घेऊन. मागच्या सीटवर ताटं, पातेली आणि डाळींची रांगोळी. जीपमध्ये महबूबभाईंच्या जागी अजिनाथ बसला, महबूबभाई शेजारी, मागे ऋतुजा आणि गोजाबाई. रडायची वेळ झाली होती, पण अंगं अजून आखडलेली होती आणि एकमेकांकडे बघितलं की पुन्हा हसू फुटत होतं. रुपालीने लेकीला जवळ घेतलं आणि दोघी रडता रडता हसल्या.

अजिनाथने किल्ली फिरवली. जीप खोकली आणि थांबली. पुन्हा फिरवली. पुन्हा थांबली.

"चक्करांनी दमली," महबूबभाई म्हणाले. "धक्का द्यावा लागणार."

बिरप्पा आले, केमची माणसं आली, मीही गेलो. ताशेवाल्याने ताशा पाठीवर टाकून फळीला हात लावला. ऋतुजा उतरून बाजूला उभी राहिली. गोजाबाई मांडीवर पिशवी घेऊन आत तशाच बसून होत्या.

"आक्का, उतर की जरा," बिरप्पा धापा टाकत म्हणाले. "वजन कमी हुईल."

"मी न्हाय उतरत," गोजाबाई म्हणाल्या, आणि शेजारची जागा हाताने दाबून धरली. "उतरलं की जागा जाती. ढकला तुमी."

आम्ही ढकललं.